प्लॅस्टिकखालचा हिवाळा

आमच्या घरात नवी वस्तू आली की ती आधी झाकायची आणि मग वापरायची, असा बाबांचा कायदाच होता. नागपूरच्या घरी फ्रिजच्या हँडलला कापडी मोजा असायचा, टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून राहायचा, आणि सोफ्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक काढून घ्यायला आईला चार वर्षं भांडावं लागलं. निघालं तेव्हा खालचा सोफा नवा कोरा होता, पण त्यावर आमच्यापैकी कुणी सुखानं बसलेलं नव्हतं. मी अकरा वर्षांची असताना आम्ही डब्लिनला आलो. निघताना बाबांनी माझ्या लाल सुटकेसला कव्हर घातलं, कव्हरवर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळलं आणि वरून सुतळी आवळली. आई म्हणाली, काय बाप्पा, पोरीची बॅग आहे की लोणच्याची बरणी? बाबा गाठ मारता मारता म्हणाले, एकदा ओरखडा पडला की वस्तू गेली. त्या सुटकेसचा लाल रंग मला पुढं कित्येक वर्षं दिसला नाही.

तीन वर्षं एका फ्लॅटमध्ये काढल्यावर आम्हाला डब्लिनच्याच ब्युमॉन्ट भागातलं ते घर मिळालं. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन झोपायच्या खोल्या, मागं रुमालाएवढी बाग. आई तिथून चालत दहा मिनिटांवर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला जायची आणि बाबा ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसला, आधी बस आणि मग डार्ट, म्हणजे तिथली लोकल. घरमालकीण होती नोरीन, सत्तरीची, उंच, पायात कायम चिखलाचे बूट. आई तिला नोरीनबाई म्हणायची. बैठकीच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत साईच्या रंगाचं लोकरी कार्पेट होतं. किल्ली देताना नोरीनबाईंनी सांगितलं की त्यांचे यजमान कार्पेट बसवण्याचं काम करायचे, आणि हे त्यांच्या हातचं शेवटचं काम. बाकी घरात काय करायचं ते करा, एवढं कार्पेट हिवाळ्यात सांभाळा. बाबांनी मान डोलावली. असं काम सांगणारं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं असावं.

ऑक्टोबर लागला तसे बाबा हार्डवेअरच्या दुकानातून रंगारी अंथरतात तसल्या जाड प्लॅस्टिकचा गठ्ठा घेऊन आले. शनिवारभर गुडघ्यांवर बसून त्यांनी मापं घेतली, कोपरे कापले, आणि कार्पेटभर प्लॅस्टिक पसरून त्याच्या कडा ब्राऊन टेपनं भिंतीच्या लाकडी पट्टीला चिकटवल्या. मग त्यांचं लक्ष खिडकीशेजारच्या भोकाकडं गेलं. तिथं प्रत्येक खोलीच्या भिंतीला वरच्या अंगाला एक जाळीचं भोक असतं आणि त्यातून बारा महिने गार वारा येतो. एवढ्या थंडीच्या देशात भिंतीला मुद्दाम भोक ठेवणारी माणसं वेडीच असली पाहिजेत, असं आमच्या तिघांचंही एकमत झालं. बाबांनी त्यात जुना बनियन कोंबला आणि वर टेप मारली. खोली अशी उबदार झाली म्हणून सांगू! फोडणीचा वास शेजारी जाऊ नये म्हणून आई दारं-खिडक्या लावूनच स्वयंपाक करायची. कुकरच्या चार शिट्ट्यांची वाफ घरातच राहायची. धुतलेले कपडे बैठकीत स्टँडवर वाळायचे. सकाळी खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळायचं आणि मी बोटानं त्यात नावं लिहायची. आम्ही नागपूरची माणसं. आमच्याकडं ओला टॉवेल वाळत घातला की दहा मिनिटांत पापडासारखा कडक. पाणी म्हणजे वर उडून जाणारी गोष्ट, एवढंच आम्हाला ठाऊक. ते घरात मुक्कामाला राहतं हे कोकणातल्या माणसाला कळलं असतं, आम्हाला कुठून कळणार?

त्या हिवाळ्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. कुणीही चाललं की चर्र, चर्र. बाबा उजाडायच्या आत उठून खाली जायचे, आणि मला अंथरुणात त्यांची प्रत्येक फेरी ऐकू यायची. आई आली की चर्र चर्र भराभर, तिला कायम घाई. मी मोजे घालून घसरत जायची म्हणून माझा एक लांब सर्रर्र. आज माझे स्वतःचे गुडघे जिना चढताना त्याहून मोठा आवाज करतात, तरी ते प्लॅस्टिक मी विसरलेले नाही.

डिसेंबरमध्ये नोरीनबाई चहाला आल्या तेव्हा स्वयंपाकघरातच बसल्या, आणि उठता उठता म्हणाल्या की ऑस्ट्रेलियात गेलेला त्यांचा भाचा परत येतोय, त्याला घर हवंय. त्यांच्या मनात आम्हीच राहावं असं आहे, पण फेब्रुवारीत एकदा घर बघतील आणि मग ठरवतील. घर नीट राखलेलं असलं तर भाच्याला तसं सांगता येईल. आई हसून "ग्रँड, ग्रँड" म्हणाली, तिथली माणसं 'छान, ठीक'ला म्हणतात तसं, आणि दार लावल्यावर मटकन जिन्यावर बसली. प्रश्न पैशाचा नव्हता, घरांचाच दुष्काळ होता. आमच्या ओळखीचं एक जोडपं आठ महिने एका खोलीत राहत होतं. नाताळच्या सुट्टीत आईबाबांनी मला समोर बसवून सांगितलं. घर गेलं तर ते दोघं बाबांच्या ऑफिसातल्या एकाच्या घरी एक खोली घेतील. तिथं तिसऱ्याला जागा नाही. मी नागपूरला आत्याकडं राहून अकरावी-बारावी करायची. आत्या प्रेमळ आहे, कॉलेज जवळ आहे, आणि दोनच तर वर्षं. बाबा हे सगळं टेबलाकडं बघून बोलत होते. मी पंधरा वर्षांची होते, मी फक्त "ओके" म्हटलं आणि वर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. मला शाळेचं एवढं काही नव्हतं, मैत्रिणींचंही नव्हतं. मला आईबाबांना सोडून जायचं नव्हतं, बस.

जानेवारीत शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी मी खिडकीखाली बसून अभ्यास करत होते. पेन घरंगळत गेलं ते काढायला वाकले आणि प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, कुकरच्या झाकणाला असतात तसे. कोपऱ्याची टेप सोडवली. आधी वास आला, ओल्या पोत्याचा. मग दिसलं. दोन वीत लांब आणि वीतभर रुंद, काळं-हिरवं, त्यावर पांढरी लव. मी ते परत झाकलं, परत उघडलं, जणू दुसऱ्यांदा बघितल्यावर ते नसेल.

आई ड्यूटीवरून आली तेव्हा कोट न काढताच तिला खिडकीशी ओढत नेलं. ती गुडघ्यांवर बसली आणि नखानं ती लव खरवडून पाहिली. मग म्हणाली, दिवसभर बुरशी ओळखायचा पगार घेते मी, आणि माझ्याच घरात तिची शेती. हसत नव्हती. बाबांना सांगू या, असं मी म्हटलं तर तिनं माझा दंड धरला. त्यांना आधीच झोप नाही, त्यात हे त्यांच्या हातून झालंय हे कळलं तर माणूस मोडून पडेल. आपण दोघी वाळवू, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग रोजचा तो चोरटा धंदा सुरू झाला. शाळेतून आल्यावर मी टेप सोडवायची, प्लॅस्टिक मागं दुमडायची, आईचा केसांचा ड्रायर लावायची. आईनं ब्रशनं घासलं, खायचा सोडा भुरभुरला, एकदा तर कापूर ठेवून पाहिला, त्यानं वास देवळासारखा झाला आणि काळं होतं तिथंच राहिलं. साडेपाचला बाबा यायच्या आत सगळं परत झाकायचं, म्हणजे दोन तासांत जे वाळायचं ते उरलेल्या बावीस तासांत पुन्हा ओलं. त्या वेळी आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात हे शिरलं नाही. एक गोष्ट मात्र मला खटकायची. मी चिकटवलेली टेप दुसऱ्या दिवशी वेगळी दिसायची, अधिक सरळ, अधिक घट्ट. वाटायचं, आईनं नीट केली असेल. आणि पहाटे खालून बाबांची चर्र चर्र यायची, थांबायची, मग टर्र असा एक आवाज, मग खूप वेळ काहीच नाही. मला वाटायचं, ऑफिसची बॅग भरतात.

जानेवारीच्या शेवटी बाबांनी माळ्यावरून माझी सुटकेस काढली आणि माझ्या खोलीच्या दाराशी ठेवली. नुसती असू दे, म्हणाले. कव्हर, प्लॅस्टिक, सुतळी, सगळं जसंच्या तसं. आठवडाभर मी ती ओलांडून ये-जा केली.

नोरीनबाई फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी अकराला आल्या. बाहेर पाऊस लागून राहिला होता. हातात त्यांनीच भाजलेला सोडा ब्रेड, पायात तेच बूट. आईनं पहाटेपासून कांदेपोहे, शिरा आणि उदबत्ती एवढं केलं होतं की बिचारा ओल्या पोत्याचा वास कुठं तोंड वर काढणार? खिडकीखाली आम्ही कपड्यांचा स्टँड ठेवला होता, रिकामा. नोरीनबाईंनी बैठकीत पाऊल टाकलं आणि चर्र झालं. त्या खाली बघत थांबल्या. हे काय, म्हणून विचारलं. बाबांनी सांगितलं की बुटांचा चिखल, बर्फासाठी रस्त्यावर टाकतात ते मीठ, काही म्हणता काही कार्पेटला लागू नये म्हणून ऑक्टोबरपासून झाकलंय. त्या म्हणाल्या, असं कुणी केलेलं मी पाहिलं नाही बाई. मग म्हणाल्या, एक कोपरा उचला बघू, मला बघू दे.

आईनं ट्रे उगाचच या हातातून त्या हातात घेतला. आणि बाबा, ज्यांनी आयुष्यात बसचं तिकीटसुद्धा चुकवलं नव्हतं, ते हसून म्हणाले, "कशाला उगीच? परत चिकटवायला त्रास. खाली अगदी नवं आहे. मी स्वतः परवाच पाहिलं."

परवाच पाहिलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते. त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं, आणि मला एका क्षणात सगळं कळलं. ती सरळ टेप, तो पहाटेचा टर्र, ती शांतता. बाबांना माहीत होतं. ते रोज पहाटे एकटेच तिथं बसत होते.

आणि गंमत म्हणजे ते खोटं चाललं. नोरीनबाई सोफ्यावर टेकल्या, चहा घेतला, पोहे चमच्यानं उकरून खाल्ले आणि म्हणाल्या की भाचा काय, त्याच्या आईकडं राहील, तरुण माणूस आहे. तुमच्यासारखी सांभाळणारी माणसं मला कुठं मिळणार? आईनं डोळे मिटले. बाबांचा श्वास मला ऐकू आला. मी जाणार नव्हते. माझी सुटकेस परत माळ्यावर जाणार होती. मला उडी मारावीशी वाटली.

मग नोरीनबाई खिडकीकडं बघून बोलायला लागल्या. हे कार्पेट बसवलं तेव्हा त्यांच्या यजमानांचं फुप्फुसाचं दुखणं वाढलं होतं. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं होतं, तरी म्हणाले, आपलं स्वतःचं घर तेवढं करतो. दाराकडून सुरुवात केली आणि शेवटची पट्टी खिडकीखालची. तिथं त्यांना दम लागायला लागला. दोन मिनिटं काम, दहा मिनिटं भिंतीला टेकून बसणं. मी टॉर्च धरून बाजूला होते, त्या म्हणाल्या, आणि तो जोड तुम्हाला शोधून सापडणार नाही. बोलताना त्यांनी हात असा खाली केला, त्या बाजूला, स्टँडच्या पायांकडं.

मी का बोलले हे इतक्या वर्षांनीही मला धड सांगता येत नाही. मी काही सत्यवादी मुलगी नव्हते, शाळेत सर्रास थापा मारायची. पण त्यांचा तो हात मला बघवेना. मी म्हटलं, "नोरीन, तिथं काळं पडलंय. खिडकीखाली. प्लॅस्टिकच्या आत."

"रेवा," बाबा म्हणाले. एवढंच.

बाबा उठले, स्टँड बाजूला केला आणि टेप ओढली. नोरीनबाई खाली बसल्या, सत्तरीच्या बाईला बसायला लागतो तेवढा वेळ घेऊन. तळवा त्या काळ्यावर ठेवला आणि तिथंच राहू दिला. बाबा त्यांच्याशेजारी उकिडवे बसून म्हणाले, "मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे. मी खोटं बोललो. घर गेलं असतं तर मुलीला परत पाठवावं लागलं असतं. मला तिला पाठवायचं नव्हतं." हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, ऑफिसात सांगावं तसं एकेक वाक्य सुटं करून. माझ्याशी ते असं मराठीत कधी बोलले नव्हते. नोरीनबाई उठल्या, कोट घातला, आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेल्या.

दार लागल्यावर आई बाबांवर कडाडली, तुम्हालाही माहीत होतं? मग मिनिटभरात सगळा हिशेब बाहेर आला, सकाळी ते पुसत होते आणि दुपारी आम्ही घासत होतो, आणि तिघंही एकमेकांपासून लपवत होतो. आई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मला वाटलं होतं, बाबा रागावतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि प्लॅस्टिक काढायला घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळं गुंडाळून मागं बागेत. भिंतीतला बनियन ओढून काढला तो हिरवा झाला होता. मग मी वर गेले आणि सुटकेसची सुतळी सोडायला लागले. आता ती भरावी लागणार होती, पण बाबांची गाठ काही सुटेना.

आठ दिवस फोन नाही, निरोप नाही. आत्याचा मात्र दोनदा आला, तिनं माझ्यासाठी खोली रंगवायला काढली होती. आईनं माझे लोकरीचे कपडे बाजूला काढले, नागपूरला काय करायचे म्हणून, आणि परत कपाटात ठेवले. घरात पावलांचा आवाज होत नव्हता. इतक्या महिन्यांच्या चर्र चर्रनंतर कार्पेटवरून आम्ही तिघं भुतासारखे हिंडत होतो.

पुढच्या शनिवारी बेल वाजली. नोरीनबाई दारात, हातात यजमानांची अवजारांची जड पिशवी. उंबऱ्याशी त्या थांबल्या आणि बूट काढले. आमच्या घरी पहिल्यांदाच. त्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. वरच्या मजल्यावर हॉट प्रेस, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, त्यात तळाशी याच कार्पेटचा एक तुकडा ठेवलेला आहे, तो आणा, म्हणाल्या. चांगला कारागीर घरात एक तुकडा नेहमी मागं ठेवून जातो.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तो तुकडा कधीचाच हॉट प्रेसमध्ये नव्हता. मिक्सरचा घरघराट शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून आईनं पहिल्याच आठवड्यात तो मिक्सरखाली घातला होता. तिनं तो स्वयंपाकघरातून आणला, दोन्ही हातांवर धरून. मधोमध हळदीचा हा मोठा पिवळा डाग. नोरीनबाईंनी तो उजेडात धरला, वास घेतला. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी तो खिडकीखाली मापून पाहिला. जेवढा काळा भाग तेवढाच तुकडा, डाग टाळायला बोटभरही जागा नव्हती.

"ग्रँड," त्या म्हणाल्या आणि सुरी काढली.

दोन तास काम चाललं. काळं कापून काढलं, खालची लाकडी जमीन पुसून वाळवली, मग तुकडा बसवला. गुडघ्यानं धक्का देऊन कार्पेट ताणायचं एक लोखंडी अवजार होतं, ते त्यांनी बाबांच्या हातात दिलं. बाबा, जन्मभर कीबोर्ड बडवलेला माणूस, घामाघूम होऊन धक्के देत होते आणि नोरीनबाई वरून शिकवत होत्या, अजून, अजून, घाबरू नका, लोकर फाटत नाही एवढ्यानं. काम करता करता त्या एकदाच त्या दिवसाबद्दल बोलल्या. तुम्ही खोटं बोललात ते मला आवडलं नाही, त्या बाबांना म्हणाल्या. घरी जाऊन मी फार चिडले. मग आठवलं, मी टॉर्च धरून नवऱ्याला रोज सांगत होते, तू उन्हाळ्यापर्यंत ठणठणीत होशील. मग त्या उठून उभ्या राहिल्या, खिडकी सताड उघडली, पावसाळी गार वारा आत आला, आणि म्हणाल्या, रोज सकाळी अर्धा तास ही उघडी राहिली पाहिजे. भिंतीतलं भोक पुन्हा बंद केलंत तर मात्र मी तुम्हाला खरंच घराबाहेर काढीन. आम्ही राहतो आहोत हे आम्हाला असं कळलं. आई मिक्सरशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी तिथंच, त्या पिवळ्या डागाशेजारी बसून मोठ्यानं रडले, लाजसुद्धा वाटली नाही.

नोरीनबाई आता नाहीत. त्या घरात दुसरं कुणी राहतं, आणि खिडकीखालचा तो डाग त्यांना कसला वाटत असेल, देव जाणे. माझ्या घरी आजही सकाळी आधी खिडकी उघडते, मग चहा. थंडीत आलेले पाहुणे कुरकुरतात. कुरकुरोत.

तीन वर्षांनी मला ट्रलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आगगाडीनं चार तासांवर. गाडीच्या दिवशी बाबाच सुटकेस घेऊन स्टेशनवर आले. फलाटावर त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली आणि मी बघतच राहिले. ती लाल होती, इतकी लाल की मला ओळखू येईना. कव्हर नाही, प्लॅस्टिक नाही, सुतळी नाही.

"बाबा, कव्हर?"

त्यांनी हँडल वर ओढून माझ्या हातात दिलं. "पडले ओरखडे तर पडू देत," ते म्हणाले. "तू शनिवार-रविवार येत जा."

पहिल्या वर्षी मी जवळजवळ दर शनिवारी आले. दुसऱ्या वर्षी तितकी नाही.